नावे का लिहिली?

मूकपटांतील विनोदावरच्या आमच्या पुस्तकाबद्दल कुवेतमध्ये राहणाऱ्या एका मराठी वाचकांचे रागाचे पत्र आले आहे. त्यांचे आक्षेप दोन. पहिला, रूबी मायर्स यांना आम्ही ओढूनताणून बेने इस्रायल ठरवले. दुसरा, हसण्याला जातधर्म नसतो, मग नटनट्यांची यहुदी घराणी सांगायची कशाला?

पहिला आक्षेप खोटा आहे. रूबी मायर्स, म्हणजे पडद्यावरच्या सुलोचना, बगदादी यहुदी घराण्यातल्या, असेच आम्ही छापले आहे. मुंबईच्या बगदादी मंडळींनी आमच्या समाजाला बराच काळ कमी लेखले. त्यांची नटी आपली म्हणून मिरवण्याची आम्हाला हौस नाही.

आता दुसरा. १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त या बाईंनी एकटीने आठ सोंगे वठवली. त्यांत माळी होता, पोलीसही होता. संवाद नाहीत, सारी मजा वेशाची आणि चालण्याबोलण्याच्या ढंगाची. आज तो पट पाहायला मिळत नाही. पटच हाती नाही, तेव्हा मागे उरते ते करणाऱ्याचे नाव. आणि तेही पडद्यासाठी बदललेले! मग खरे नाव, खरे घर सांगणे यात विनोदाचा काय अपमान झाला?

पत्रलेखकांनी आपल्याच शहराकडे पाहावे. सालेह आणि दाऊद हे यहुदी भाऊ कुवेतमध्ये जन्मले आणि ‘अल-कुवेती’ हे नाव लावून बगदादमध्ये गाजले. पुढे ते इस्रायलला गेले. इराकमध्ये त्यांच्या चाली वाजतच राहिल्या, पण ‘पारंपरिक’ म्हणून. गाण्याला धर्म नसतो हे तिथेही खरेच होते. तरी चाल राहिली आणि नाव तेवढे पुसले गेले.

कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आमच्या पूर्वजांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. त्या एका नावात आमची ओळख टिकली. म्हणून नावाची किंमत आम्हाला ठाऊक आहे.

पुस्तकात तपशिलाची चूक असेल तर पान दाखवा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. नावे मात्र गाळणार नाही.