रोजमेळात पाऱ्याचाही रकाना हवा

थंडी पडली नाही की पहिली झळ बसते ती आपल्या पिंजारी बांधवांना. कापूस आणि खोळीचे कापड उधारीवर उचलायचे, रजया भरून ठेवायच्या आणि ऐन पौष-माघात थंडीच गायब! माल पडून राहतो, देणे मात्र थांबत नाही. कोकणातल्या आंबेवाल्यांचीही तीच गत. रात्री पुरेशा गार झाल्या नाहीत तर हापूस मोहराऐवजी पालवी धरतो आणि आगाऊ घेतलेली बाग अंगावर येते.

याला एखाद्या वर्षाचा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत देशाच्या सरासरी कमाल तापमानाचा फेब्रुवारीतील उच्चांक २०२३ मध्ये झाला, तर २०२५ चा फेब्रुवारी एकूण सरासरीत सर्वांत उष्ण ठरला.

मग धंदेवाईकाने काय करावे? आपले बरेच दुकानदार 'गेल्या रमजानला किती खपले' यावरून माल भरतात. पण हिजरी वर्ष इंग्रजी वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असते. २०१८ मध्ये मे-जूनमध्ये आलेला रमजान २०२५ मध्ये मार्चमध्ये आला. २०३० मध्ये तर तो जानेवारीत येऊन जाईल आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. म्हणून सणाचा हिशेब वेगळा आणि ऋतूचा वेगळा ठेवला पाहिजे.

वर्तमानपत्रातल्या आकड्यावरही पूर्ण विसंबू नये. एकट्या मुंबईत कुलाबा आणि सांताक्रूझ येथील पहाटेच्या पाऱ्यात थंडीत दोन-चार अंशांचा फरक पडतो. आपल्या मोहल्ल्याची हवा आपणच मोजावी. एक साधा तापमापक सावलीत, पत्र्यापासून आणि भिंतीपासून दूर टांगावा. फजरनंतर सूर्योदयाच्या सुमारास एकदा आणि जोहर-असरच्या मध्ये, दुपारी दोन-तीनला एकदा आकडा पाहावा. तो त्या दिवसाच्या विक्रीशेजारी रोजमेळात लिहावा. चार-पाच हिवाळ्यांची अशी वही हाती असली, की किती अंशांखाली रजई उचलली जाते आणि कधीपासून सरबत-बर्फाची मागणी सुरू होते, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही. उधारी किती घ्यायची, हेही तीच वही सांगेल.

हवा अल्लाहच्या हुकमाने बदलते, यात शंका नाही. पण तवक्कल म्हणजे उंट मोकळा सोडून देणे नव्हे. वही लिहिणे हे आपले काम आहे.