दुसऱ्याच्या ओंजळीने किती काळ?

पतसंस्था असो, शाळा असो, रुग्णालय असो वा एखादा विश्वस्त न्यास, संस्थेचे दप्तर आता लोखंडी कपाटात राहिलेले नाही. सभासदांच्या ठेवी, विद्यार्थ्यांचे गुण, रुग्णांचे तपासणी अहवाल हे सारे कार्यालयाच्या कोपऱ्यात घरघरणाऱ्या सर्व्हरमध्ये साठलेले असते. तो सर्व्हर संस्थेने स्वतःच्या पैशाने विकत घेतलेला असतो. मात्र तो ज्या प्रणालीवर चालतो, तिच्या अटी कोण ठरवतो, हा प्रश्न व्यवस्थापन समितीच्या सभेत क्वचितच विचारला जातो. गेल्या काही वर्षांतील घटना पाहता तो विचारण्याची वेळ आली आहे.

प्रथम विषय समजून घेऊ. पूर्वी प्रत्येक कामासाठी वेगळा सर्व्हर ठेवला जाई आणि त्यातील बहुतेक यंत्रे बराच वेळ रिकामी बसत. व्हर्च्युअलायझेशन म्हणजेच आभासीकरण या तंत्राने एकाच यंत्रात अनेक आभासी यंत्रे नांदू लागली. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत, प्रत्येकाचे दार स्वतंत्र असावे आणि एकाच्या भांडणाचा त्रास दुसऱ्याला होऊ नये, तशी ही रचना. कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६०च्या दशकात आपल्या मोठ्या संगणकांवर ती सिद्ध केली आणि १९७२मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. १९९८मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने हे तंत्र साध्या, सर्वत्र मिळणाऱ्या संगणकांवर आणले. पुढे जगभरच्या बँका, कारखाने आणि सरकारी कार्यालये त्यावर विसंबली.

या विसंबण्याची किंमत २०२३नंतर कळली. ब्रॉडकॉम या कंपनीने मे २०२२मध्ये व्हीएमवेअर विकत घेण्याचा मनोदय जाहीर केला आणि नोव्हेंबर २०२३मध्ये व्यवहार पूर्ण केला. लगोलग डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून ठरावीक मुदतीच्या वर्गणीची पद्धत लागू झाली. फेब्रुवारी २०२४मध्ये ईएसएक्सआय या प्रणालीची विनामूल्य आवृत्तीही बंद करण्यात आली. ती एप्रिल २०२५मध्ये मर्यादित स्वरूपात परत आली खरी, परंतु दार उघडण्याचा आणि लावण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे तोवर सर्वांना उमगले होते. आपल्या मालाचा भाव ठरवणे हा विक्रेत्याचा हक्कच आहे, त्याला दोष देऊन उपयोग नाही. दुसरी वाट न राखता सगळा कारभार एकाच दारातून नेणाऱ्या ग्राहकाने मात्र स्वतःला विचारावे, की ही वेळ आपण आपल्यावर का येऊ दिली?

भाववाढ परवडली, असे वाटावे अशी दुसरी घटना भारतातच घडली. गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीत रशियाच्या रोझनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. युरोपीय संघाने जुलै २०२५मध्ये तिच्यावर निर्बंध लादले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले असताना आपलीच माहिती आपल्याला मिळेनाशी झाली, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. थोड्याच दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. निर्बंध भारताने घातलेले नव्हते, व्यवसाय भारतात होता, कर्मचारी भारतीय होते. तरीही काम अडले. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान त्या ओंजळीच्या मर्जीवर अवलंबून राहते, ती अशी.

यावर उपाय आहे आणि तो सामान्य संस्थेच्या आवाक्यातलाही आहे. लिनक्सच्या गाभ्यात २००७पासून केव्हीएम ही आभासीकरणाची सोय अंगभूत आहे. तिच्या आधारावर व्हिएन्नातील एका कंपनीने २००८मध्ये प्रॉक्समॉक्स व्हीई ही मुक्त परवान्याची प्रणाली प्रसिद्ध केली. येथे कोणी विचारील, की व्हिएन्ना तरी परकेच ना? प्रश्न रास्त आहे. परंतु परकी वस्तू आणि बंदिस्त वस्तू यांत भेद आहे. मुक्त परवान्याने एकदा हाती आलेली संहिता कोणी परत मागू शकत नाही. उद्या त्या कंपनीने आधारसेवा बंद केली, तरी चालू यंत्रे थांबत नाहीत आणि ती संहिता पुढे नेण्याचा हक्क पुण्यातील वा नागपुरातील अभियंत्यालाही असतो. अमेरिकेने महासंगणक देण्यास आडकाठी केल्यानंतर १९८८मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यातील प्रक्रियक ब्रिटिश बनावटीचे होते. ते जोडून महासंगणक घडवण्याची विद्या मात्र आपली होती. स्वावलंबनाचा अर्थ प्रत्येक खिळा घरी ठोकणे असा नसून, कारभाराची किल्ली आपल्या हाती असणे असा आहे.

प्रत्यक्ष काम अवघड नाही. इंटेल वा एएमडीचा ६४-बिट प्रक्रियक असलेले यंत्र हवे आणि त्याच्या बायोसमध्ये आभासीकरणाची सोय चालू केलेली हवी. प्रणाली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी आणि यंत्र त्यावरून सुरू करावे. प्रतिष्ठापना करताना निवडलेली डिस्क पूर्णपणे पुसली जाते, म्हणून जुनी माहिती असलेल्या डिस्कवर हा प्रयोग कदापि करू नये. त्यानंतरचा सारा कारभार ब्राउझरमधून चालतो. प्रणालीसाठी निदान २ जीबी स्मृती राखून आभासी यंत्रांची गरज वेगळी मोजावी. ईएसएक्सआयवरील यंत्रे आणण्याची सोय २०२४पासून प्रणालीतच आहे. अनेक सर्व्हर जोडायचे तर निदान ३ मतांची व्यवस्था असावी. कारण निर्णय बहुमताने होतो आणि दोनच असतील तर एक पडताच दुसऱ्याचे बहुमत जाते.

मात्र मालकीबरोबर जबाबदारीही येते. त्याच यंत्रात ठेवलेली प्रत ही प्रतच नव्हे. ती दुसऱ्या यंत्रात आणि एक तरी दुसऱ्या वास्तूत असावी. ती प्रत पुन्हा उभी करून पाहण्याचा सराव दर तीन महिन्यांनी व्हावा. व्यवस्थापनाचे पान इंटरनेटवर उघडे ठेवू नये. यूपीएसची बॅटरी वेळेवर बदलावी. जाणकार एकच असेल, तर त्याच्या रजेबरोबर संस्थाही रजेवर जाते. म्हणून दोघे तरी तयार करावेत. एवढी निगा राखणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी विश्वासू डेटा सेंटरचा आश्रय घेणेच शहाणपणाचे. पण तेथेही आपली माहिती बाहेर काढण्याची वाट करारातच लिहून घ्यावी. विनामूल्य म्हणजे बिनखर्ची, हाही भ्रम नसावा. वाचलेल्या परवाना शुल्काचा काही भाग प्रशिक्षणावर आणि प्रणालीच्या आधारवर्गणीवर खर्च करणे हे कर्तव्यच आहे.

संस्थांच्या व्यवस्थापनात काम करणारे अनेकजण या अंकाचे वाचक आहेत. अनेकांच्या घरी संगणक अभियंते मुले-मुली आहेत. त्यांनी एक जुने यंत्र घ्यावे, ग्रंथालयाची नोंदवही वा हजेरी असे कमी जोखमीचे एक काम त्यावर तीन महिने चालवून पाहावे आणि मगच ठेवींच्या वा रुग्णांच्या नोंदींना हात लावावा. येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर एवढा एकच प्रश्न ठेवावा: उद्या सकाळी परवाना थांबला, तर आपले दप्तर आपल्याला उघडता येईल का? उत्तर नकारार्थी आले, तर कामाला लागण्याचा मुहूर्त तोच.