आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये : डहाणू व तलासरी तालुक्यांतील नागरिकांना जाहीर आवाहन

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पाडे, चिकूच्या वाड्या, किनाऱ्यावरचे कोळीवाडे आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या वस्त्या येथील सर्व नागरिकांना आवाहन करण्यात येते की, कुत्रीचे पिल्लू पाळायला, वाडीच्या राखणीला किंवा कोणाला द्यायला न्यायचे असल्यास, त्याला आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत ते आईजवळच राहू द्यावे. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्या बहुधा पावसाळा सरल्यावर, भातकापणीनंतरच्या थंडीत वितात. पेंढ्याच्या आडोशाला, ओढून ठेवलेल्या होडीखाली किंवा रस्त्याच्या मोरीत सापडलेली पिल्ले डोळे उघडताच, म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांची असताना, गोजिरवाणी दिसतात म्हणून उचलली जातात आणि त्यांतली कित्येक जगत नाहीत.

दूध तोडणे, म्हणजे आईच्या अंगावरचे दूध कमी होत पिल्लू इतर अन्नावर येणे, ही चार-पाच आठवडे चालणारी क्रिया आहे. पहिल्या दिवशीच्या चिकातून, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या घट्ट दुधातून, पिल्लाला रोगाशी लढणारी द्रव्ये मिळतात. पहिले दोन आठवडे त्याला स्वतःचे अंग ऊबदार ठेवता येत नाही आणि आईने शेपटीखाली चाटल्याशिवाय लघवीही होत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुईसारखे दुधाचे दात फुटतात, ते आचळांना टोचू लागतात, आणि मग आई आडवी न होता उभ्यानेच पाजते, मध्येच निघून जाते, कधी गुरगुरते. कुत्रीने पिल्ले टाकली असे समजून याच वेळी लोक ती उचलतात. वास्तविक दूध तोडण्याचे काम तिने स्वतःच हाती घेतलेले असते, आणि ती खाल्लेले अन्न पिल्लांपुढे ओकते तेव्हाही ती आजारी नसते, तर त्यांना घास भरवत असते. याच आठवड्यांत भावंडांशी खेळताना, जोराने चावले की समोरचे केकाटते आणि खेळ मोडतो, हे पिल्लाला कळते. लवकर तोडलेले पिल्लू पुढे चावरे होण्याचा धोका म्हणूनच अधिक असतो. केंद्र सरकारच्या २०१७च्या नियमांनी आठ आठवड्यांखालील पिल्लांच्या विक्रीला मनाई केली आहे, आणि फुकट दिल्या जाणाऱ्या पिल्लालाही तेच वय लागू मानावे.

पाळीव कुत्री व्याली असल्यास पिल्ले तीन ते चार आठवड्यांची झाल्यावर उथळ ताटलीत कोमट, पातळ पेज ठेवून तीत उकडलेले अंडे किंवा काटे काढलेली मासळी कुस्करून घालावी. मीठ, तिखट आणि कांदा मुळीच नसावा. पहिल्या दिवशी पिल्ले ताटलीतच पाय घालतील, अंग माखून घेतील, आणि आई ते चाटून काढील. तेवढ्यावर थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवावे. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत अन्न हळूहळू घट्ट करत न्यावे, दिवसातून तीन-चार वेळा द्यावे आणि शेजारी पाणी ठेवावे. सर्व पिल्ले एकाच दिवशी नेली तर आईची आचळे दुधाने तटतटून सुजतात, म्हणून ती एकेक करून द्यावीत.

सर्वांत मोठी मदत मात्र आईला खाऊ घालण्याची आहे, कारण पाजत्या कुत्रीला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पाड्यावरची कुत्री नेमकी या दिवसांत उपाशी पडते. मागे राहणाऱ्या शेजाऱ्यांनी उरलासुरला भात तिच्यापुढे टाकला तरी तिचे दूध टिकते. पश्चिम बंगालमधील मोकळ्या कुत्र्यांवरील, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात केवळ १९ टक्के पिल्ले प्रजननाच्या वयापर्यंत जगल्याचे आणि ६३ टक्के मृत्यूंना माणसाची कृती कारणीभूत ठरल्याचे आढळले. हे आकडे दूरच्या प्रांतातले असले तरी महामार्गालगतच्या गावांनी त्यांकडे दुर्लक्ष करू नये.

आई खरोखर मेली असेल, तरच पिल्लू हाती घ्यावे. आधी ऊब द्यावी, मगच दूध. गाईच्या दुधात साखर जास्त आणि चरबी कमी असल्याने पिल्लांना जुलाब होतात, तेव्हा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने योग्य दूध आणावे आणि पिल्लाला उताणे न धरता पोटावर ठेवून पाजावे. डहाणूत वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन ही संस्था जखमी व आजारी प्राण्यांवर उपचार करते.

जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान आणि रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, असा क्रम पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून पाळावा. लहान पिल्लाच्या चाव्यानेही रेबीज होऊ शकतो, हे मुलांना आवर्जून सांगावे. दात किंवा नख लागल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. पिल्ले अंगावरून सुटली आणि आईचे दूध आटले, की ग्रामपंचायतीने किंवा मालकाने तिच्या नसबंदीची व्यवस्था करावी.