भायखळा-परळचा उमेदवार

निवडणुकीचा जाहीरनामा हा प्रकार आपल्याकडे कोणी गांभीर्याने वाचत नाही, आणि त्यात दोष वाचकाचा आहे असे आम्हांस वाटत नाही. तरीही एका जुन्या जाहीरनाम्याविषयी लिहावेसे वाटते. १५ ऑगस्ट १९३६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधिमंडळासाठी ते स्वतः भायखळा-परळ या गिरणगावच्या मतदारसंघातून उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्यासमोर उभे केले ते पळवणकर बाळू यांना. बाळू हे एके काळचे ख्यातनाम डावखुरे गोलंदाज, आणि स्वतः दलित. (निवडणुकीचे डावपेच तेव्हाही फारसे भाबडे नव्हते!) आंबेडकर निवडून आले.

या पक्षाच्या कार्यक्रमात कामाच्या तासांवर मर्यादा, पुरेसे वेतन, पगारी रजा, निवृत्तिवेतन, स्वस्त आणि आरोग्यदायी घरे, कामगाराला नोकरीवर ठेवणे-काढणे यांवर कायद्याचे नियंत्रण, आणि लोकहितासाठी आवश्यक तेथे उद्योगांची मालकी राज्याकडे, अशी कलमे होती. आज ती ओळखीची वाटतात. आमच्या मते अधिक विचार करण्याजोगी गोष्ट पक्षाच्या नावात आहे. अस्पृश्यांचा पुढारी म्हणून ज्याला सारा देश ओळखत होता, त्याने पक्षाचे नाव ‘मजूर’ ठेवले. आता, मजूर म्हणजे कोण?

ज्यांनी गिरण्यांचा इतिहास वाचला आहे त्यांना साचाखात्याची गोष्ट ठाऊक असेल. विणकराच्या धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा स्पृश्य विणकराला कसा चालावा? त्यामुळे अधिक पगाराच्या साचाखात्यात दलितांना प्रवेश नव्हता आणि कमी पगाराचे रिंगखाते त्यांच्या वाट्याला आले होते. हा नियम मालकाने केलेला नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या कामगाराचा त्याला पाठिंबा होता. १९२८ च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला, आणि पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. असे बोलल्याने कामगारांत फूट पडते, हा आक्षेप त्यांच्यावर घेतला जाई. फूट आधीचीच होती, ती धोट्याइतकी ठळक होती, आणि तिच्याकडे बोट दाखवणाऱ्यावरच ती पाडल्याचा आरोप व्हावा, हा आपल्याकडील वादविवादांचा नेहमीचाच शिरस्ता!

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग या उमेदवाराचे मजूरप्रेम आपल्या जातिबांधवांपुरतेच होते. या शंकेला उत्तर १९३८ साली मिळाले. बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयक आणले. त्यात संपाआधी नोटीस आणि समेटाची प्रक्रिया सक्तीची होती, आणि ती टाळून केलेला संप बेकायदा व शिक्षापात्र ठरणार होता. आंबेडकरांनी विधिमंडळात घेतलेली हरकत साधी होती. मनाविरुद्ध काम करायला लावणे म्हणजे माणसाला गुलाम करणे. संप हा स्वातंत्र्याच्या हक्काचाच एक प्रकार आहे, तो गुन्हा होऊ शकत नाही. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, आणि त्यात आंबेडकर उभे राहिले ते डांगे, निंबकर यांच्यासह. म्हणजे ज्या चळवळीशी साचाखात्यावरून त्यांचे भांडण होते, तिच्याच बरोबर. त्यांनी भांडण मिटवले नाही आणि संपही सोडला नाही. विधेयक अखेर मंजूर झाले, ही गोष्ट वेगळी.

कोकणातील खोती रद्द करण्याचे त्यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडलेले विधेयकही त्या सभागृहात तडीस गेले नाही. खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. १९४२ मध्ये मजूर पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली, आणि यावरून तो प्रयोगच फसला असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तो घाईचा वाटतो. त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते आंबेडकरांकडे आले, आणि कारखान्यांत अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्या खात्याच्या कामातूनच निघाली. जाहीरनाम्यातील तासांचे कलम मतपेटीऐवजी दिल्लीच्या दाराने आत आले.

२०२० साली संसदेने औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली. नोटिशीवाचून संप करण्यास तिने सर्वच औद्योगिक आस्थापनांत मनाई केली आहे, आणि कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची अट शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या कारखान्यांपासून लागू केली आहे. चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालणारे पुढारी यातल्या दोन्ही बाजूंना आहेत. संप आणि नोटीस यांविषयी १९३८ मध्ये विधिमंडळात केलेले ते भाषण छापील स्वरूपात उपलब्ध आहे. यंदाच्या जयंतीला एखाद्या सभेत ते मोठ्याने वाचले जावे, एवढीच आमची सूचना आहे. व्यासपीठावर कोण कोण बसून राहते ते पाहता येईल.