घाई नसलेल्या प्रश्नांचं गाव

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं लहानसं गाव. तिथल्या ग्रामसभेत मतदान होत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत विषय पुढच्या बैठकीवर जात राहतो. कोरम नाही म्हणून अर्धा तास थांबून मग वार्षिक सभा उरकणाऱ्या शहरी सोसायटीला हा प्रकार वेळखाऊ वाटेल. आहेच तो वेळखाऊ.

पण गावाने वेळ कशावर घालवला, ते पाहावं. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली-भोपालपट्टनम धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झालं. आंदोलन ओसरलं की माणसं आपापल्या कामाला लागतात. मेंढ्यात मात्र बैठका चालूच राहिल्या. गावातले देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने अभ्यासगट बसू लागले. पोळं काढताना मधमाश्या न मारता मध मिळेल का? जंगलातून आपण काय काय आणतो? कायद्यात आपल्यासाठी काय आहे?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या दिवशी कुणी मागणार नव्हतं. धानाची रोवणी थांबत नाही, मोहफुलं पहाटेच वेचावी लागतात, तेंदूचा हंगाम बघता बघता आटोपतो. निकडीची कामं या गावालाही कमी नव्हती. व्यवस्थापनाच्या पुस्तकांतला 'महत्त्वाचं पण तातडीचं नाही' हा चौकोन बहुतेकांच्या डायरीत कोराच राहतो. इथे तो वर्षानुवर्षं भरत गेला.

२००६ साली वनहक्क कायदा झाला, तेव्हा या गावाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा होतं. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्यावरून वनखात्याशी ताणाताण चाललीच. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. पुढे २०१३ मध्ये गावाने ग्रामदानही केलं, म्हणजे जमिनीची मालकी ग्रामसभेकडे सोपवली. जमिनीसारख्या जिव्हाळ्याच्या विषयावर इतकी घरं एकमताने तयार होणं, हे बांबूच्या लिलावातल्या रकमेपेक्षा मोठं काम.

आता गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदू आणि बांबूचे व्यवहार स्वतः करतात. हंगाम तोंडावर आला की ठेकेदाराला उत्तर आजच हवं असतं. अशा वेळी हिशेब समजणारी चार माणसं गावात असावी लागतात, आणि ती तयार करायची तर सुरुवात पावसाळ्यात, कुणी विचारत नसतानाच करावी लागते. प्रशासनाने आणि संस्थांनी लिलावाच्या मदतीइतकंच बळ अशा अभ्यासगटांच्या बैठकांनाही द्यायला हवं.