फाइल मिळते, माणूस मिळत नाही

अठरा वर्षं पूर्ण झाली की मतदान करता येतं, गाडीचा परवाना काढता येतो. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलामुलींच्या हातात याच सुमारास आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे स्वतःची जाडजूड फाइल. बालरोग विभाग सांगतो, पुढच्या वेळी मोठ्यांच्या ओपीडीत जा. काही सरकारी रुग्णालयांत ही वेळ १२ किंवा १४ व्या वर्षीच येते. चिठ्ठीवर विभागाचं नाव असतं, खोलीचा नंबर असतो. तिथे भेटायचं कोणाला, ते लिहिलेलं नसतं.

टाइप १ म्हणजे आपल्या अब्बा-अम्मींना चाळिशी-पन्नाशीत होते ती 'शुगर' नव्हे. यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोळ्यांवर भागत नाही. बहुतेकांना दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं, बोटाला सुई लावून साखर मोजावी लागते, आणि हे आयुष्यभर. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात विशीच्या आतली अशी सुमारे २ लाख २९ हजार मुलं आहेत. जगात कुठल्याही देशात एवढी नाहीत. यातलं प्रत्येक मूल कधी ना कधी ती फाइल घेऊन निघणार आहे.

माझ्या मावसबहिणीला नवव्या वर्षी हा आजार झाला. बालरोग विभागात एक सिस्टर होत्या. वहीतले साखरेचे आकडे फारच सुंदर दिसायला लागले की त्या ओळखायच्या, हे बसच्या प्रवासात एकाच पेनाने लिहिलेले आहेत. त्या रागावायच्या नाहीत. खालाला चहा प्यायला बाहेर पाठवायच्या आणि मग विचारायच्या, "शाळेत इन्सुलिन कुठे घेतेस? बाथरूममध्ये?" मोठ्यांच्या ओपीडीत बहीण साठीतल्या काका-काकूंच्या रांगेत उभी राहिली. दोन-तीन मिनिटांत सल्ला मिळाला, गोड बंद करा, वजन कमी करा, रोज चाला. तिचं वजन ४२ किलो. ती पुन्हा तिकडे गेली नाही. दीड वर्ष जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून इन्सुलिन आणत राहिली. मग एकदा उलट्या सुरू झाल्या. पोटात काही टिकत नव्हतं, म्हणून घरात ठरलं, खाल्लं नाही तर इन्सुलिन कशाला? टाइप १ मध्ये इन्सुलिन पूर्ण थांबवणं जिवावर बेतू शकतं, आजारपणात तर जास्तच. रक्तात आम्ल साचत जातं. चार दिवस आयसीयूमध्ये काढून ती परत आली.

उलट्या होत असताना इन्सुलिन बंद करायचं नाही, साखर आणि कीटोन तपासायचे, पाणी पीत राहायचं आणि लगेच फोन करायचा. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. फोन करायला कोणी उरलं नव्हतं.

ही एका घराची कहाणी असती तर लिहिलं नसतं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सरकारी खर्चाने सर्वांना उपचार मिळतात. तिथे मधुमेह असलेल्या १,५०७ तरुणांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अठरा वर्षांच्या आधीच्या दोन वर्षांत मधुमेहामुळे रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण दर १०० जणांमागे वर्षाला ७.६ होतं, नंतरच्या दोन वर्षांत ते ९.५ झालं. मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. बाकीची टीम बदलली पण डॉक्टर तेच राहिले, अशा तरुणांमध्ये भरती होण्याची शक्यता ७७ टक्क्यांनी कमी होती. औषध तेच, देश तोच. फरक एवढाच की एक ओळखीचं माणूस सोबत पलीकडे गेलं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एखादी यंत्रणा जुन्या सर्व्हरवरून नव्यावर न्यायची असेल, तर काही दिवस दोन्ही सर्व्हर चालू ठेवतात. बिघडलं तर कोणाला उठवायचं त्याचं नाव आणि नंबर लिहिलेला असतो. बँकेच्या नोंदींसाठी आपण एवढं करतो!

इंग्लंडमध्ये 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तयारी १३-१४ व्या वर्षी सुरू करा. प्रत्येक तरुणासाठी एक ठरलेली, नाव माहीत असलेली व्यक्ती नेमा. तिने बदलाच्या आधी आणि नंतर किमान सहा महिने सोबत राहावं. मोठ्यांच्या विभागातल्या माणसाशी आधीच एकदा भेट घालून द्या. ही व्यक्ती बरेचदा त्या आजाराची प्रशिक्षित नर्स असते. तिथेही सगळीकडे हे नीट होतं असं नाही, पण निदान काय व्हायला हवं ते लिहिलेलं आहे.

मित्रमंडळींना हे सांगितलं की पहिली सूचना येते, अ‍ॅप बनव ना. मी अ‍ॅप बनवूनच पोट भरते, म्हणून सांगते, आठवण करून देणारी सूचना अंगठ्याने बाजूला सारायला अर्धा सेकंद लागतो. "आज दुपारचं इन्सुलिन का टाळलंस?" या प्रश्नाला उत्तर द्यायला समोर विश्वासाचं माणूस लागतं. कॅनडाच्याच मॅनिटोबा प्रांतात २००२ पासून चाललेल्या 'मेस्ट्रो' प्रकल्पात मुख्य साधन होतं फोन. एक समन्वयक तरुणांना फोन करायचा, भेटीची वेळ चुकली का विचारायचा, नवी ठरवून द्यायचा.

आपल्या घरांत तर असे प्रश्न आणखी आहेत. आजाऱ्याला रोजाची सवलत कुरआननेच दिली आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी २००१ मध्ये १३ देशांत झालेल्या 'एपिडियार' पाहणीत टाइप १ असलेल्या ४३ टक्के मुस्लिमांनी किमान १५ रोजे धरल्याचं दिसलं. साखर धोकादायकरीत्या घसरण्याचे प्रसंग दर १०० जणांमागे महिन्याला ३ वरून १४ वर गेले होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला दोस्तांसमोर पाणी प्यायची लाज वाटते, हे डॉक्टरांच्या दोन मिनिटांत निघत नाही. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचाच, बोटाला सुई लावून तपासल्याने रोजा तुटत नाही असं बहुतेक उलेमाही सांगतात, या गोष्टी शाबानमध्येच बसून बोलायला हव्यात. मुलींच्या बाबतीत रिश्ता आला की इन्सुलिनची पेनं कपाटाच्या मागे जातात. लपवाछपवीचं ओझं मुलीच्या डोक्यावर आणि धोकाही तिच्याच जिवाला. अम्मी खोलीत नसताना याबद्दल बोलू शकेल असं कोण आहे तिच्यापाशी?

"वॉर्डात साध्या नर्स पुरत नाहीत आणि तुम्हाला खास नर्स हवी!" हा आक्षेप खरा आहे, पण मागणीही फार मोठी नाही. जिल्हा रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांचा कक्ष असतो, तिथे नर्स आणि समुपदेशक नेमण्याची तरतूद आहे. त्यातल्या एका नर्सला टाइप १ चं नीट प्रशिक्षण द्यावं. तिने महिन्यातली एक दुपार बालरोग विभागात बसावं, १४ वर्षांपुढच्या मुलांना ओळखून घ्यावं, आणि ती मुलं मोठ्यांच्या ओपीडीत येतील तेव्हा तीच तिथे असावी. तिच्याकडे एक मोबाइल आणि नावांची यादी असावी. सध्या सरकारी शाळा-अंगणवाड्यांतली आरोग्य तपासणी १८ वर्षांपर्यंत, आणि मधुमेह-रक्तदाबाची सार्वत्रिक तपासणी ३० पासून. मधली बारा वर्षं तरुण ठणठणीत असतात, असंच जणू सरकारने धरून चाललंय.

समाजाकडेही मला थोडं बोलायचं आहे. ऑपरेशन म्हटलं की आपल्या जमाती आणि ट्रस्ट एका रात्रीत पैसे उभे करतात. मी ते पाहिलंय, अभिमान वाटतो. पण दर महिन्याच्या स्ट्रिप्ससाठी किंवा एका नर्सच्या पगारासाठी वर्गणी काढायला कोणी उठत नाही, कारण त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. शिवाय मुलीने डॉक्टर व्हावं म्हणून आपण जमीन विकू, आणि नर्सिंगचं नाव काढलं की नाक मुरडू. उर्दू, दखनी, कोकणी बोलणारी, घराचा उंबरा ओळखणारी सिस्टर मग येणार कुठून?

ज्यांची मोहल्ल्यात तरुणांची मंडळं आहेत, त्यांच्यासाठी एक काम आहे. आपल्या भागात टाइप १ असलेली १४ ते २५ वयाची मुलं किती, याची चौकशी करा. नावं जाहीर न करता. मग जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारा, यांच्यासाठी ठरलेली नर्स कोण? उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. नाव मिळालं तर शाबान लागण्याआधी त्या सिस्टरना तासभर बोलवा. भाषणाला नको, आणि पालकांना त्या वेळी बाहेर चहा द्या.