या ‘उपचारां’ना कायद्याने आवर घाला

मुलगा बायकी चालतो, मुलगी लग्नाचा विषय काढू देत नाही, मोबाइलमध्ये नको ते मेसेज सापडतात. घरात रडारड होते आणि कुणी नातेवाईक एखाद्या डॉक्टरचा किंवा महाराजांचा पत्ता देतो. पुढे जे घडते त्याला ‘उपचार’ म्हणतात. गुंगीच्या गोळ्या, हॉर्मोनची इंजेक्शने, विजेचे झटके, अंगारे-धुपारे, कोंडून ठेवणे. केरळातल्या एका विद्यार्थिनीने 2020 मध्ये फेसबुकवर सांगितले होते की, घरच्यांनी तिला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवून बळजबरीने औषधे दिली. त्याच वर्षी ती गेली.

समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच ती आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तिच्यावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. मग हा धंदा चालतो कसा? मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद व्यंकटेश यांनी 2021 मध्ये त्याला मनाई केली. तो आदेश देण्याआधी ते स्वतः मानसशास्त्रज्ञासमोर बसून हा विषय समजून घेत होते. त्याच प्रकरणातून पुढे ऑगस्ट 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे ‘उपचार’ हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. पण आयोगाचा धाक नोंदणीकृत डॉक्टरांपुरता. समुपदेशकाची पाटी लावून बसलेले, व्यसनमुक्ती केंद्रवाले आणि बुवा-महाराज त्याच्या कक्षेबाहेरच राहतात. शिवाय तक्रार करायची कुणी? पंधरा वर्षांच्या पोराने वैद्यक परिषदेला अर्ज लिहायचा? त्याला दवाखान्यात नेणारे आईवडीलच आणि संमतीपत्रावर सहीही त्यांचीच.

म्हणून कायदा हवा आणि तो महाराष्ट्राने करावा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर का होईना, 2013 मध्ये याच राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणारा मांत्रिक त्यामुळे गजाआड जाऊ शकतो. तेच काम एसी केबिनमध्ये बसून, पावती फाडून करणारा मात्र सुटतो. नव्या कायद्यात हा प्रकार गुन्हा ठरावा. जादूटोणाविरोधी कायद्याने नेमलेल्या दक्षता अधिकाऱ्यांवरच याचीही जबाबदारी टाकावी, म्हणजे मुलाच्या तक्रारीवाचून काही अडणार नाही. शिक्षा फी घेणाऱ्याला व्हावी. आईवडिलांना तुरुंगात धाडून मुलाचे घर उरणार नाही; बहुतेक पालक भेदरलेले असतात, ‘आमचंच काय चुकलं’ म्हणून झुरत असतात. त्यांना सरकारी रुग्णालयात मोफत, खऱ्या समुपदेशनाची सोय मिळायला हवी.

शाळांचे दुखणे वेगळे. महाविद्यालयांसाठी यूजीसीने 2016 मध्येच लैंगिक कलावरून होणारी छळवणूक रॅगिंगच्या व्याख्येत आणली. शाळेत मात्र ‘बायल्या’, ‘छक्का’ म्हणून चिडवणे ही अजून पोरांची मस्करी ठरते, आणि कधी कधी त्यात सरही हसतात. मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात कुणी गाठेल या भीतीने दिवसभर घोटभर पाणी न पिणारी मुले शिक्षकांना दिसत नाहीत, कारण काय पाहायचे हे त्यांना कुणी शिकवलेले नाही. एनसीईआरटीने 2021 मध्ये तृतीयपंथी मुलांबाबत शिक्षकांसाठी पुस्तिका तयार केली होती. ओरड होताच ती काही दिवसांत संकेतस्थळावरून गायब झाली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक नेमण्यास सांगितले आहे आणि एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांशी कसे वागावे याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना देण्यासही बजावले आहे. शालेय शिक्षण विभागाने त्यावर स्पष्ट शासन निर्णय काढावा, समुपदेशकांची पदे मंजूर करून पैसा द्यावा आणि मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून घरी कळवली जाणार नाही, हे त्या निर्णयात लिहावे. जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलणाऱ्यांनाही हेच प्रशिक्षण द्यावे. ‘उपचारां’विरोधी विधेयकाचा मसुदा करायला फार काळ लागू नये. येत्या अधिवेशनात ते मांडले जावे आणि विरोधी पक्षानेही त्यावर राजकारण न करता पाठिंबा द्यावा.